खळ्यावरचा पंखा

ताथवड्याच्या आमच्या डिझाइन कॉलेजात लिफ्ट होती, काचेची लायब्ररी होती, कॉफीचं मशीन होतं, आणि तिसऱ्या मजल्यावर एक वर्ग असा होता की त्याच्या दारात चपला काढाव्या लागत. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, आत देवघर असेल. आत लांबलचक टेबलं, एक फळा आणि छताला एक जुना पंखा, एवढंच होतं. आमचे सर स्वतः चपला दाराबाहेर काढत, भिंतीशी सरळ लावून ठेवत आणि मग आत पाऊल टाकत. कारण विचारलं की म्हणत, "हितं आमचं खळं व्हतं. खळ्यात कोन पायतान घालून येतं व्हय?"

ही थाप नव्हती. कॉलेज उभं आहे ती जमीन एके काळी सरांच्या घरचीच. ज्वारी मळून वाऱ्यावर उफणायची ती सारवलेली जागा नेमकी कुठे होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खळं जमिनीवर होतं आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे, याची एका मुलाने आठवण करून दिली, तेव्हा सर थोडा वेळ फरशीकडे बघत राहिले. "मंग काय झालं? जागा तीच हाय, वर सरकलीय," म्हणाले. त्या मुलाने मुकाट्याने बूट काढले. त्याचा मोजा अंगठ्याला फाटलेला होता म्हणून तो कुरकुरत होता, बाकी मुद्दा त्यालाही पटला असावा.

शेवटच्या सहामाहीत सर आम्हाला एकच विषय शिकवत. वेळापत्रकात त्याचं नाव 'पोर्टफोलिओ आणि पर्सनल ब्रँडिंग' असं होतं. कॉलेजात केलेल्या कामातलं निवडक काम नीट मांडून नोकरी देणाऱ्यांपुढे ठेवायचं, तो पोर्टफोलिओ. ते काम करणारे आपण कोण आहोत हे लोगो, रंग, वेबसाइट आणि एखादं झोकदार वाक्य यांतून जगाला पटवायचं, ते ब्रँडिंग. सर त्या नावाचा पहिला अर्धा भाग मोठ्याने वाचत आणि दुसऱ्यापाशी आले की खोकत. आम्हाला बरेच दिवस वाटत होतं की त्यांना खरंच खोकला झालाय.

सर काही साधेसुधे मास्तर नव्हते. मोठ्या संस्थेत डिझाइन शिकून ते वर्षानुवर्षं एका वाहन कंपनीच्या स्टुडिओत होते. परदेशी पाहुणे आले की त्यांच्याशी अस्खलित इंग्रजी बोलत, फक्त दर चार वाक्यांनी मध्ये एक 'मंग' येई आणि पाहुणेही मान डोलवत. पण नेटवर सरांचं नाव टाकलं तर काही म्हणजे काही सापडत नसे, ना फोटो, ना काम. आमच्यात एक बोलवा मात्र होती, की आपल्या भागात रोज दिसणाऱ्या त्या छोट्या मालवाहू टेम्पोचं तोंड सरांनी घडवलंय. रुंद गाल, बारीक डोळे, हनुवटी किंचित पुढे. एकदा हे ऐकलं की टेम्पो समोरून आला तरी सर आल्यासारखं वाटायचं आणि सर समोरून आले तर बाजूला व्हावंसं वाटायचं. शेवटी धीर करून मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "टेंपो चालतोय ना? मंग झालं." ना हो, ना नाही. मला तर त्या उत्तरानंतर ते अजूनच मोठे वाटायला लागले.

ब्रँडिंगबद्दल ते एकदाच बोलले, आणि तेही वर्गात नाही. एका सकाळी आम्हाला सगळ्यांना डांगे चौकात घेऊन गेले आणि एका वाढदिवसाच्या फ्लेक्ससमोर उभं केलं. फ्लेक्सवर एक भाऊ होते. काळा गॉगल, पांढरा शर्ट, कानाला मोबाइल, वर 'भावी नगरसेवक'. "बगा," सर म्हणाले, "पर्सनल ब्रँड. नाव मोटं, फोटो मोटा, फोन कानाला. आता सांगा, ह्यो भाऊ करतो काय?" कोणालाच सांगता येईना. "न्हाई येत ना? आता खाली बगा."

खाली, नेहमीप्रमाणे, 'शुभेच्छुक' असं लिहून टिकलीएवढ्या चेहऱ्यांची रांग होती. सर एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेले. हा प्लंबर, ह्यानंच आमचा नळ बसवला. ह्याची शाळेची व्हॅन. हा पोरगा कोनाला रगत लागलं की सगळ्यात आधी पळतो. "वरचा म्हनतो, मी हाय. खालचे म्हनत्यात, ह्यो हाय. खालचे पुसून टाकले तर वरच्याला कोन वळखल?" मग आमच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या पोर्टफोलिओत शेवटचं पान शुभेच्छुकांचं पायजे. त्या कामाला ज्याचा ज्याचा हात लागलाय, त्याचं नाव. मी ते पान आधी वाचनार."

एवढ्यात भाऊंची दोन माणसं आली. "काय काका, काय प्रॉब्लेम हाय का?" "न्हाई राव," सर म्हणाले, "पोरांना शिकिवतोय." आपल्या भाऊंवर कॉलेजात धडा आहे हे कळल्यावर ती माणसं इतकी खूश झाली, की त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि सरांबरोबर फोटो काढून घेतला. पुढच्या वाढदिवसाला त्या चौकातल्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांत एक चेहरा वाढलेला होता. रुंद गाल, बारीक डोळे. सरांचा जगाला दिसणारा माझ्या माहितीतला एकमेव फोटो तो.

मी हे हसत सांगतेय, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. चाकणला एका वाहन कंपनीचा डिझाइन स्टुडिओ आमच्या कॉलेजातून दर वर्षी एकालाच घ्यायचा, आणि मला तिथे जायचंच होतं. पप्पा परभणीकडचे, महाळुंग्यातल्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढतात त्या खात्यात. "माझी पोरगी गाड्यांना आकार देणार हाय," असं त्यांनी आख्ख्या कंपनीच्या बसला सांगून ठेवलं होतं. आणि नाहीच जमलं तर काय, तेही घरात ठरलं होतं. काळेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मावसभावाचं फ्लेक्सचं दुकान होतं. तिथे बसून मी भावी नगरसेवकांना गॉगल लावत आयुष्य काढायचं.

त्यामुळे मी ब्रँडवर जीव तोडून मेहनत घेतली. माझ्या नावाची दोन अक्षरं एकमेकांत गुंफून लोगो केला. जांभळ्या रंगाच्या इतक्या छटा पाहिल्या की आईला वांगी चिरताना बघून मला कोडनंबर आठवायचे. कामंही एकाहून एक चकचकीत होती. विजेवरची बाइक, हेल्मेट, ध्यानधारणेचं अ‍ॅप, परदेशी स्वयंपाकघरात शोभेल असं कॉफीचं यंत्र. आमच्या घरी कॉफी म्हणजे दोन रुपयांची पुडी, पण पोर्टफोलिओत ते कोण बघतंय. सगळं उत्तम कागदावर छापलं आणि सरांच्या सूचनेप्रमाणे न बांधता, सुटी पानं घेऊन वर्गात गेले.

सुटी पानं का, ते मग कळलं. सरांनी माझी पानं टेबलावर पसरायला लावली, खिडक्या उघडल्या आणि पंखा पूर्ण वेगाने सोडला.

तो पंखा जुना असला तरी भलता जोरकस होता. पानं उठली. बाइक फळ्यावर आदळली, हेल्मेट कपाटावर गेलं, ध्यानधारणा कोणाच्या तरी तोंडावर बसली. पोरं खिदळायला लागली. सर खिडकीपाशी पाठीवर हात बांधून उभे होते. आणि मी धावले. माझ्या हातात आलं ते एक मळकं, पेन्सिलीने गिरबटलेलं पान. ते खरं तर पोर्टफोलिओतलं नव्हतंच, चुकून गठ्ठ्यात आलं होतं. ते खिडकीतून बाहेर जाणार, एवढ्यात मी ते पोटाशी धरलं.

सरांनी पंखा बंद केला. "हां. बाकीचं उडालं. हातात काय हाय ते दाव."

पप्पा कंपनीच्या बसने घरी येत तेव्हा त्यांच्या कपाळावर एक आडवी रेघ असे. तळवड्याच्या कोंडीत बस अडकली की शिफ्ट करून आलेली सगळी माणसं पुढच्या सीटच्या लोखंडी पाइपवर डोकं टेकून झोपत, त्या पाइपची ही रेघ. "आले बघा शिक्का मारून," असं आई म्हणायची. मी एकदा गंमत म्हणून पातळ कागद लावून त्यांच्या कपाळावरची रेघ गिरवून घेतली. "काय करायलीस गं?" म्हणत ते शांत बसून राहिले. मग त्याच कागदावर, त्या पाइपवर चढेल अशी एक पट्टी काढली. गादीतल्या फोमचा तुकडा घेऊन काळेवाडी फाट्यावरच्या सीटकव्हरवाल्या सादिकमामूंकडून तिच्यावर रेक्झिन शिवून घेतलं. ती पप्पांच्या पुढच्या पाइपला बांधून पाहिली, दोन दिवसांत ती निसटून हरवली, आणि मीही ते विसरून गेले.

हे सगळं मी अडखळत सांगितलं. मला लाज वाटत होती, कारण मागे तन्मय बसला होता. त्याच्या पोर्टफोलिओत आख्खं विमानतळ होतं. सर त्या गिरवलेल्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "बस कुटं थांबती?"

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटून बस काळेवाडी फाट्यावर आली, तेव्हा आमचे सर दारापाशी उभे होते. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाकडे ते इतक्या गांभीर्याने बघत होते, की एकाला वाटलं कंपनीने ताप तपासायला माणूस बसवलाय. त्याने आपणहून कपाळ पुढे केलं. सरांनी ते नीट पाहून घेतलं. पप्पा उतरले आणि म्हणाले, "जय भीम सर." "जय भीम, या," सर म्हणाले, "रेघ जरा उजेडात दावता का?" भर फाट्यावर, रिक्षांच्या गर्दीत, आमचे पप्पा मान वर करून उभे राहिले आणि सर त्यांच्या कपाळाजवळ डोळे नेऊन बघत राहिले. मग सर स्वतः बसमध्ये चढले. ड्रायव्हर शिंदेकाकांना म्हणाले, "चला, डांगे चौकापतुर," आणि मागच्या सीटवर बसून, पाइपवर डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. मी शेजारी बसले होते. ते खरोखर झोपले, घोरलेसुद्धा. चौकात मी हलवून उठवलं तेव्हा त्यांच्या कपाळावर रेघ उमटली होती. त्यांनी ती हाताने चाचपली, जपून, पुसली जाईल की काय अशा बेताने.

मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली. पण एखादी गोष्ट समजून घ्यायला तिच्यावर डोकं टेकून झोपी जाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. 

पुढे मी त्या एका पट्टीवरच पोर्टफोलिओ उभा केला. निरनिराळ्या माणसांच्या कपाळांवरच्या रेघा, पाइपची जाडी, फोम किती दबतो, पट्टी निसटू नये म्हणून काय करायचं, सगळं. आधीच्या कामांतली बाइक तेवढी सरांनी राहू दिली, तीही 'हात बरा हाय' म्हणून. लोगो गेला, जांभळा गेला. शेवटी शुभेच्छुकांचं पान आलं. पप्पा, शिंदेकाका, सादिकमामू, आणि ज्यांची कपाळं घेतली ते सगळे. सरांचं नाव मी घातलं होतं, ते त्यांनी पेनने खोडलं. मग पान डोळ्यांजवळ नेलं.

"हे काय? वेलांटी पळालीय."

आम्ही वापरायचो त्या सॉफ्टवेअरला मराठी नीट झेपत नसे. सादिकमामूंच्या नावातली वेलांटी 'द'च्या अलीकडे पडायची ती जाऊन 'क'ला चिकटली होती. अशा पळालेल्या वेलांट्या आमच्या कॉलेजात भिंतीभिंतीवर होत्या, कोणाला काही वाटत नसे.

"सवताच्या नावाचा लोगो महिनाभर घासलास," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "दुसऱ्याच्या नावाला येवडी घाई?" मी ते पान पुन्हा छापलं आणि त्या दिवसापासून कुठेही मराठी अक्षर दिसलं की माझी नजर आधी वेलांटीवर जाते.

मुलाखतीला स्टुडिओतली तीन माणसं होती. त्यांतल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न इंग्रजीत विचारला, "तुझा ब्रँड काय?" मी पाठ करून नेलेलं सगळं विसरले. मी कपाळांचं पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांतल्या वयस्कर गृहस्थांचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेला. "नोकरी लागल्यावर पहिली काही वर्षं मी पण बसनेच जायचो," ते मराठीत म्हणाले. मग शुभेच्छुकांच्या पानावर सगळे हसले आणि त्या मॅडमनी एकेका नावाची चौकशी केली, हा कोण, याने काय केलं. मुलाखत संपली तेव्हा माझ्याबद्दल त्यांनी जवळजवळ काहीच विचारलेलं नव्हतं. ती जागा मला मिळाली. पप्पांनी बसमध्ये काय गोंधळ घातला ते शिंदेकाका अजून सांगतात.

कामावर जायला लागल्यावर पहिल्या शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटून मी पेढे घेऊन सरांकडे गेले. दारात चपला काढल्या. सरांना वाकून नमस्कार केला, पुडा पुढे धरला. सरांनी एक पेढा उचलला आणि तो तोंडाशी नेता नेता थांबले. माझ्या कपाळाकडे बघत होते.

पप्पांच्या कंपनीला बसेस पुरवणाऱ्या ठेकेदाराच्याच बसेस आमच्या स्टुडिओच्या माणसांनाही होत्या. येताना मला झोप लागली होती.

"पट्टी न्हाई बसवली व्हय अजून?"

"सर, तो प्रोजेक्ट होता," मी म्हणाले, "पोर्टफोलिओसाठी."

सरांनी पेढा मधोमध मोडला. अर्धा तोंडात टाकला, अर्धा पुड्यात परत ठेवला. "पोर्टफोलिओ झाला. त्याचा हा अर्धा घेतला. ऱ्हायलेला काम झाल्यावर." आणि ते फळा पुसायला लागले. मी पुडा धरून उभी राहिले. रागही आला होता, खोटं कशाला सांगू. आख्ख्या कॉलेजातून एकटीला मिळालेल्या नोकरीची किंमत अर्धा पेढा.

पण घरी येऊन पुडा आईच्या हातात देताना तो अर्धा तुकडा दिसला आणि राग टिकला नाही. दुसऱ्या दिवशी मी शुभेच्छुकांचं पान काढलं. बघते तर पट्टी बसवायला जी जी माणसं लागणार होती, ती सगळी त्या पानावर आधीच होती. शिंदेकाकांनी ठेकेदाराशी गाठ घालून दिली. ठेकेदाराने बरेच हेलपाटे मारायला लावले, मग एका बसपुरतं 'करा काय करायचं ते' म्हणाला. सादिकमामूंनी रेक्झिन शिवलं, आणि पट्टी निसटू नये म्हणून आतून अशी एक दोरी घातली, की माझ्या आराखड्यातला चाप मी निमूटपणे खोडून टाकला. सुट्टीच्या दिवशी पप्पा आणि त्यांचे दोन दोस्त बसमध्ये गुडघ्यांवर बसून पट्ट्या आवळत होते, मी फोम कापत होते आणि शिंदेकाका खिडकीतून सूचना देत होते. "भावा, ती तिरपी बसली बघ." बाइकला मी पुढे बरेच आकार दिले, देतेय. पण त्या दिवसाइतकी मी कधी डिझायनर नव्हते.

पावसाळा सरला होता तेव्हा मी पुन्हा सरांच्या वर्गावर गेले. शनिवारच होता, पट्ट्या बसवलेल्या त्याच बसने आले होते आणि कोंडीत पाइपवर डोकं टेकून मस्त झोपले होते. दाराबाहेर चपलांची रांग लागली होती, सगळ्यात पुढे भिंतीशी सरळ लावलेला सरांचा जोड. आत पंखा पूर्ण वेगाने चालू होता. कोणाची तरी चार वर्षं वर्गभर उडत होती, एक मुलगी केस तोंडावर घेऊन पानांमागे धावत होती आणि सर तिला सांगत होते, "पळ, पळ, काय जातंय ते बग."

मी दारात अनवाणी उभी राहिले, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. सरांचं बोलणं चालूच होतं. बोलता बोलता त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, नीट, उजेडाच्या बाजूने एकदा मान कलती करून. मग नजर पुन्हा त्या पोरीकडे वळवून त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला.